चंद्रा दुर्बिणीच्या जुन्या डेटात ७०७ सेकंदांचं स्पंदन दिसतंय. खरं मानावं का?

भोसरी_स्पिंडल

नमस्कार मंडळी. मी भोसरी एमआयडीसीतल्या कारखान्यांत मशीनच्या कंपनांची तपासणी करायचो, आता निवृत्त आहे. स्पिंडलवर ॲक्सिलरोमीटर चिकटवायचा, सिग्नल घ्यायचा, एफएफटी (सिग्नल वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींत उलगडायचं गणित) काढायची आणि शिखर कुठल्या फ्रिक्वेन्सीला आलंय ते बघून बेअरिंगची आतली कडी म्हणजे इनर रेस गेलीय की बाहेरची, आउटर रेस, हे मशीन न उघडता सांगायचं. हे काम मला मनापासून आवडायचं. अजूनही पीएमपीच्या बसमध्ये गिअरबॉक्सचा आवाज बदलला की कान आपोआप तिकडे जातो.

विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, आयुका ही पुण्यातली खगोलशास्त्राची संस्था सगळ्यांसाठी खुली असते. यंदा नातीला घेऊन गेलो होतो. तिथे एका विद्यार्थ्याने पोस्टरसमोर उभं राहून समजावलं की एक्स-रे दुर्बीण नुसता फोटो काढत नाही, येणारा प्रत्येक फोटॉन वेगळा नोंदवते: कधी आला, कुठे पडला, किती ऊर्जेचा होता. म्हणजे प्रत्येक ताऱ्याचा टाइम सिग्नल तयारच पडलेला आहे! आणि ज्याने निरीक्षण मागितलं त्याची राखीव मुदत, साधारण वर्षभराची, संपली की तो डेटा जगात कुणालाही फुकट मिळतो. मी त्या मुलाला पुन्हा पुन्हा विचारलं, खरंच कुणालाही? तो म्हणाला, हो काका, कुणालाही.

तेव्हापासून लॅपटॉपवर उबुंटू टाकून बसलोय. चंद्रा या नासाच्या अवकाशातल्या एक्स-रे दुर्बिणीचं मोफत सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि एका गोलाकार तारकागुच्छाचं, २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं, एक निरीक्षण निवडलं. एकूण वेळ सुमारे ५०,००० सेकंद, म्हणजे चौदा तासांच्या आसपास. कॅमेरा एसिस, एक फ्रेम ३.२ सेकंदांची. त्यात साठेक स्रोत दिसतात. प्रत्येकाचा लाइट कर्व्ह, म्हणजे वेळेनुसार तेज कसं बदललं याचा आलेख, काढला, पॉवर स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती जोर आहे ते, काढला आणि लेही पद्धतीने नॉर्मलाइज केला, म्हणजे नुसत्या गोंगाटाची सरासरी २ येते.

दोन जागी थबकलो. एका स्रोतात, ज्यातून ९००च्या आसपास फोटॉन आलेत, ७०७ सेकंदांना ४१ उंचीचं शिखर आहे आणि ३५४ च्या आसपास त्याचंच छोटं भावंड आहे. फोल्ड केल्यावर, म्हणजे ७०७ सेकंदांचे तुकडे एकावर एक ठेवल्यावर, लाट स्वच्छ दिसते, चढ-उतार तीस टक्क्यांचा. दुसऱ्या एका स्रोतात १८ सेकंदांपाशी २५ उंचीचं एकटंच शिखर आहे.

माझे प्रश्न असे. हे खरं मानावं का? याआधी कुणी नोंदवलंय का हे कुठे बघायचं? आणि बॅरीसेंटर करेक्शन सगळीकडे लिहिलेलं दिसतं, मी ते अजून केलेलं नाही. त्याने हे शिखर सरकेल का? गुच्छाचं नाव मुद्दाम देत नाही. आधी जाणकारांकडून शहानिशा व्हावी, मग बोलावं असं वाटतं.

टिळकरोड_दुर्बीण

काका, फारच आनंद झाला वाचून. जून ते सप्टेंबर आमच्या दुर्बिणी कव्हरमध्ये असतात आणि एरवीही पुण्यातून मंद तारे दिसेनासे झालेत. ढग आणि दिवे या दोन्हींचा ज्याला त्रास नाही असं निरीक्षण घरबसल्या करता येतं, हे मी आमच्या गटातल्या पोरांना आजच सांगणार आहे.

माझा एक प्राथमिक प्रश्न यातच जोडतो. आम्ही स्पंदणारा तारा म्हणतो तेव्हा डेल्टा सेफी डोळ्यासमोर येतो: तारा स्वतः फुगतो, आकसतो. ७०७ सेकंदांत तारा फुगून आकसेल का? की हे वेगळंच प्रकरण आहे?

आधी नोंद आहे का ते बघायला सिमबाडमध्ये स्रोताचे निर्देशांक टाका. त्या जागी आजवर काय काय सापडलंय ते आणि त्यावरचे लेख एकत्र मिळतात.

गणेशखिंड_टायमिंग

काका, नमस्कार. एक्स-रे टायमिंग हाच माझा पीएच.डी.चा विषय होता, आता पुण्यात एका कॉलेजात शिकवते. तुमची पोस्ट वाचून लगेच लिहायला बसलेय, कारण तुम्ही सगळं नीट लिहिलंय: दुर्बीण, कॅमेरा, वेळ, फ्रेम, फोटॉन. एवढी माहिती दिली की उत्तर देता येतं.

आधी ७०७. निरीक्षण चालू असताना चंद्रा दुर्बीण एका दिशेला खिळून राहत नाही. तिला मुद्दाम हळूहळू डोलवतात, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश एकाच पिक्सेलवर पडत न राहता बऱ्याच पिक्सेलांवर पसरतो, पिक्सेलांमधले लहानमोठे फरक सरासरीत विरतात आणि चिपांमधल्या फटींत काही कायमचं हरवत नाही. त्या काळात एसिससाठी हे डोलणं एका अक्षावर १००० सेकंदांचं आणि दुसऱ्या अक्षावर ७०७ सेकंदांचं होतं. १००० ला ७०७ ने भागून बघा, दोनाचं वर्गमूळ येतं. गुणोत्तर पूर्णांकांत बसत नाही, त्यामुळे दुर्बीण त्याच त्या रेषेवर पुन्हा पुन्हा न फिरता सगळा चौकोन भरून काढते.

तुमच्या स्पेक्ट्रममध्ये ५० हर्ट्झची रेघ यायची ना? ती मशीनची नसते, वीजपुरवठ्याची असते. ७०७ सेकंद ही चंद्रा दुर्बिणीची ५० हर्ट्झ आहे. स्रोत चिपच्या कडेला किंवा पिक्सेलांच्या खराब कॉलमजवळ असेल तर दुर्बीण डोलताना तो दर ७०७ सेकंदांनी थोडा थोडा बाहेर जातो आणि आत येतो. फोटॉन कमी-जास्त होतात, शिखर उभं राहतं, आणि लाट अगदी साइन नसल्यामुळे त्याच्या अर्ध्या काळाला, ३५४ ला, दुसरं शिखर येतं. तुमच्या वर्णनाशी हे तंतोतंत जुळतं.

पण माझ्या शब्दावर ठेवू नका, तपासा. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये डिदर-रीजन नावाचं टूल आहे. स्रोताभोवतीचा तुमचा गोल त्याला दिला की त्या गोलाचा किती भाग कुठल्या क्षणी चिपच्या चालू भागावर होता याचा आलेख ते देतं. तो आलेख सपाट आला तर मी चुकले आणि तुमच्याकडे फार मोलाची गोष्ट आहे. तो ७०७ सेकंदांनी खाली-वर होत असेल तर त्याच्यावर तुमचा लाइट कर्व्ह ठेवून बघा. दुसरी परीक्षा याहून कडक: त्याच गुच्छाचं वेगळ्या वर्षीचं निरीक्षण घ्या, ज्यात दुर्बीण वेगळ्या कलाने फिरलेली होती आणि हा स्रोत चिपच्या मध्यावर पडलाय. तारा स्पंदत असेल तर तिथेही स्पंदेल.

प्रत्येक उपग्रहाचं असं आपलं स्वतःचं घड्याळ डेटात उमटतं. रोसॅट हा जुना एक्स-रे उपग्रह ४०० सेकंदांनी डुलायचा, त्यामुळे त्याच्या जुन्या निरीक्षणांत ४०० पाशी काही आलं की आधी संशय घ्यायचा. पृथ्वीलगत फिरणाऱ्या उपग्रहांत दीड तासाच्या प्रदक्षिणेची शिखरं आणि तिचे अर्धे, तिसरे, चौथे हिस्से दिसतात.

आता इथे थोडी थांबते, कारण माझ्या विद्यार्थ्यांचाही गोंधळ नेमका याच जागी होतो. तुमचं ४१ चं शिखर संख्याशास्त्राच्या परीक्षेत उत्तीर्ण होईल. ते योगायोगाने आलेलं नाही, त्याच्यामागे खरोखर काहीतरी नियमित घडतंय. संख्याशास्त्र इतकंच सांगतं. ते नियमित घडणं आकाशातलं आहे की दुर्बिणीतलं, हा प्रश्न त्याच्या हातातला नाही. शिखर खरं आहे का आणि शिखर ताऱ्याचं आहे का, हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि दोन्हींची उत्तरं वेगवेगळ्या वाटेने काढावी लागतात. मोठ्या सर्वेक्षणांतही पहिल्या प्रश्नाला संगणक पुरतो, दुसऱ्यासाठी माणूस बसतो आणि एकेक स्रोत डोळ्याखालून घालतो.

१८ सेकंदांचं शिखर मात्र पहिल्याच प्रश्नाला अडतं. हिशोब करू. लेही नॉर्मलायझेशनमध्ये नुसत्या गोंगाटाने एखाद्या फ्रिक्वेन्सीला २५ किंवा जास्त उंची यायची शक्यता म्हणजे ई चा उणे साडेबारावा घात, दहा लाखांत जेमतेम चार. ऐकायला भारी वाटतं. पण तुम्ही एकच फ्रिक्वेन्सी बघितली नाही. ५०,००० सेकंदांच्या निरीक्षणात ३.२४ सेकंदांच्या फ्रेमने, म्हणजे साडेसहा सेकंदांच्या काळापर्यंत (एका लाटेला निदान दोन फ्रेम लागतात), सुमारे ७,७०० स्वतंत्र फ्रिक्वेन्सी मिळतात. एका स्रोतापुरती शक्यता त्यामुळे शंभरात तीन झाली. असे साठ स्रोत तुम्ही बघितलेत. म्हणजे एकाही ताऱ्यात काहीही घडत नसतं तरी २५ उंचीचं शिखर तुम्हाला सरासरी पावणेदोन वेळा दिसलंच असतं. दिसलं एकदा. एवढ्या शोधात एक टक्क्याची खात्री हवी असेल तर उंबरठा ३५ च्या वर जातो.

ही संख्या शोध सुरू करण्याआधी काढून कागदावर लिहून ठेवायची, हा माझा आग्रह आहे. शिखर बघितल्यावर काढली की माणूस नकळत हात सैल सोडतो. "हा स्रोत तसा मला आधीपासूनच वेगळा वाटत होता" असं मनात आलं की समजावं, आकडेमोड पुन्हा करायची वेळ झाली.

आणि हा ३५ चा उंबरठासुद्धा पांढऱ्या, म्हणजे सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारख्याच जोराच्या, गोंगाटाचा आहे. ज्या ताऱ्यांवर साथीदाराकडून वायू पडत असतो त्यांचा प्रकाश हळूहळू, अनियमित हेलकावत असतो, आणि कमी फ्रिक्वेन्सीकडे पॉवर आपोआप वाढत जाते. तिथे आसपासच्या फ्रिक्वेन्सींची सरासरी किती उंचीवर आहे ते मोजून शिखर तिच्याशी ताडायचं, २ शी नाही.

बॅरीसेंटरचं. सूर्याभोवतीच्या पृथ्वीच्या फेरीमुळे प्रकाश वर्षभरात आठ मिनिटांपर्यंत लवकर किंवा उशिरा पोहोचतो, म्हणून सगळ्या वेळा सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यावर नेऊन लावतात. तुमच्या प्रकरणात पृथ्वीच्या गतीने काळ फार तर ०.०७ सेकंदांनी बदलेल, आणि चौदा तासांच्या एका निरीक्षणात ७०७ सेकंदांच्या जवळची शेजारशेजारची फ्रिक्वेन्सीच १० सेकंदांच्या अंतरावर आहे. त्यामुळे शिखर जागचं हलणार नाही. दोन वर्षांची निरीक्षणं एकमेकांना जोडताना मात्र त्याच्याशिवाय चालायचं नाही.

टिळकरोड, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: वेगळंच प्रकरण आहे. डेल्टा सेफी पाच दिवसांपेक्षा जरा जास्त वेळात फुगतो-आकसतो. एक्स-रेमध्ये सेकंदा-मिनिटांत जे स्पंदताना दिसतं ते बहुतेक वेळा फिरणं असतं. न्यूट्रॉन तारा किंवा श्वेतबटू म्हणजे विझलेल्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गाभा. त्याच्या चुंबकीय ध्रुवांवर साथीदाराचा वायू कोसळतो, तिथला डाग तापतो आणि तारा फिरताना तो डाग समोर येतो, मागे जातो. सेंटॉरस एक्स-३ मध्ये १९७१ साली उहुरू उपग्रहाला ४.८ सेकंदांचं स्पंदन मिळालं ते असंच. पण स्वतः फुगणारे-आकसणारे तारेही अगदीच नाहीत असं नाही. बृहल्लुब्धकातला, म्हणजे व्याधाच्याच तारकासमूहातला, क्साय-१ हा तप्त, चुंबकीय तारा सुमारे पाच तासांनी स्पंदतो, आणि २०१४ मध्ये एक्सएमएम-न्यूटन या युरोपच्या एक्स-रे दुर्बिणीच्या निरीक्षणांत त्याचे एक्स-रेही त्याच तालावर कमी-जास्त होताना दिसले.

शेवटी, काका, जुन्या डेटात नवं मिळतं का? मिळतं, आणि फार सुंदर मिळतं. कर्क राशीतल्या एचएम कॅन्क्राय या स्रोताचं ३२१ सेकंदांचं स्पंदन रोसॅटच्या जुन्या निरीक्षणांतून निघालं आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. २००२ मध्ये दृश्य प्रकाशातही तोच काळ मिळाला. ते दोन श्वेतबटू आहेत, एकमेकांभोवती साडेपाच मिनिटांच्या आत फिरणारे. चंद्रा दुर्बिणीच्या एसिसचा जवळजवळ सगळा साठा चाळून एका इटालियन गटाने २०१६ मध्ये ४१ नवे स्पंदणारे स्रोत दिले. एनजीसी ५९०७ या दीर्घिकेतल्या अतितेजस्वी स्रोताची गोष्ट मला सगळ्यात जवळची आहे. सगळे त्याला कृष्णविवर समजत होते. एक्सएमएमच्या २०१४ च्या निरीक्षणात १.१३ सेकंदांचं स्पंदन निघालं, मग २००३ चं जुनं निरीक्षण पुन्हा उघडलं तर त्यातही ते होतं, १.४३ सेकंदांचं. न्यूट्रॉन तारा अकरा वर्षांत एवढा वेग घेऊन बसला होता. २००३ पासून ते फोटॉन साठ्यात पडून होते. साध्या एफएफटीला ते दिसले नाहीत, कारण तारा साथीदाराभोवती फिरत असल्याने काळ निरीक्षणादरम्यानच बदलत होता आणि शिखर शेजारच्या फ्रिक्वेन्सींत सांडत होतं. प्रवेग गृहीत धरून शोधल्यावरच ते एकत्र आलं.

खोडद_फाटा

मी रेडिओवाला, खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या डेटावर पल्सार, म्हणजे फिरताना नियमित स्पंदणारे न्यूट्रॉन तारे, शोधतो. ताईंच्या प्रवेगाच्या मुद्द्याला धरून थोडं.

आमच्याकडे शोध आणखी एका दिशेने पसरतो. रेडिओ लहरी ताऱ्यांमधल्या इलेक्ट्रॉनांतून येताना कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी मागे राहतात, आणि त्या किती मागे राहिल्या हे आधी माहीत नसतं, त्यामुळे शेकडो अंदाज घेऊन प्रत्येकासाठी पुन्हा एफएफटी करावी लागते. एक्स-रेमध्ये हा उशीर नगण्य असतो. तुमची एक अख्खी दिशा वाचली. त्या वाचलेल्या वेळात प्रवेगाचा शोध जरूर करा. प्रेस्टो हे सॉफ्टवेअर आम्ही रेडिओसाठी वापरतो, पण फोटॉनच्या वेळांची यादी दिली तर ते एक्स-रेलाही चालतं. पायथन येत असेल तर स्टिंग्रे आणि हेंड्रिक्स ही खास एक्स-रे टायमिंगसाठी लिहिलेली मोफत पॅकेज आहेत.

मात्र प्रवेगाचे जितके अंदाज घ्याल तितक्या पटीने ताईंचा तो उंबरठा वर न्यावा लागेल.

भोसरी_स्पिंडल

मॅडम, खोडददादा, मनापासून आभार. दोन्ही परीक्षा करून बघितल्या.

स्रोत चिपच्या कडेला आहे, कडेपासून अगदी थोड्या पिक्सेलांवर. डिदर-रीजनचा आलेख काढला तर दर ७०७ सेकंदांनी त्यात खळगा पडतो आणि माझ्या लाइट कर्व्हमधले खळगे त्याच्याच डोक्यावर बसतात. त्याच गुच्छाच्या दुसऱ्या निरीक्षणात तो चिपच्या बऱ्यापैकी आत आहे, तिथे ७०७ ला काहीही नाही. १८ सेकंदांचंही तिथे काही नाही. दोन्ही प्रकरणं मी बंद केली.

मला ही पद्धत आवडली. कारखान्यातही शिखर दिसलं की आधी सेन्सरचं माउंटिंग सैल नाही ना हे बघायचं आणि मगच मशीनवर बोलायचं, अशी शिस्त आम्ही नव्या मुलांना लावायचो.

आता पुढचं विचारतो. या गुच्छातले बहुतेक स्रोत दोनशे-तीनशे फोटॉनचे आहेत. त्यांत शोधण्यात अर्थ आहे का? आणि ॲस्ट्रोसॅट हा उपग्रह आपला, भारताचा, त्याच्या डेटाचं काम आयुकातही चालतं असं त्या पोस्टरवर वाचलं होतं. तो डेटा घेऊ का?

गणेशखिंड_टायमिंग

काका, फार नीट केलंत. विशेषतः १८ सेकंदांचं शिखर मी न सांगता दुसऱ्या निरीक्षणात जाऊन बघितलंत, हे मला फार आवडलं.

दोनशे फोटॉनचं असं आहे. साइन लाटेचं स्पंदन असेल तर अपेक्षित पॉवर म्हणजे फोटॉनची संख्या गुणिले चढ-उताराच्या प्रमाणाचा वर्ग, भागिले दोन. उंबरठा ३५ धरला तर २०० फोटॉनमध्ये साठ टक्क्यांच्या आसपास चढ-उतार असेल तरच तो दिसेल. २,००० फोटॉन असतील तर एकोणीस टक्के पुरेल. श्वेतबटूंत साठ टक्के कधीकधी मिळतात, पण त्यावर उन्हाळा घालवू नका. ज्यांत हजारावर फोटॉन आहेत ते स्रोत आधी घ्या. त्याच गुच्छाची सगळी वर्षं जोडली तर मंद स्रोतांतही आकडा वाढतो, आणि तिथे बॅरीसेंटर लागेल.

फार कमी फोटॉन असतील तेव्हा लाइट कर्व्हचे डबे करून एफएफटी घेण्याऐवजी प्रत्येक फोटॉनची वेळ तशीच वापरा. रॅलेची चाचणी किंवा एच-टेस्ट बघा. अणकुचीदार स्पंदन असेल तर एच-टेस्ट जास्त तीक्ष्ण आहे, कारण ती दुसऱ्या-तिसऱ्या हार्मोनिकची, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सींचीही, ताकद मोजते.

ॲस्ट्रोसॅट जरूर घ्या. २८ सप्टेंबर २०१५ ला तो गेला तेव्हा मी विद्यार्थिनी होते, आणि त्याच्यावरच्या लॅक्सपीसी या उपकरणाचा पहिला पॉवर स्पेक्ट्रम स्वतः काढला तो दिवस मला स्वच्छ आठवतो. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने बांधलेले झेनॉन वायूचे हे तीन मोठे डिटेक्टर ३ ते ८० किलो इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत बघतात आणि फोटॉनची वेळ १० मायक्रोसेकंदांपर्यंत नोंदवतात. तुमची ३.२ सेकंदांची फ्रेम आठवा म्हणजे हा फरक कळेल. डेटा इस्रोच्या ॲस्ट्रोब्राउझवरून मिळतो, आणि वापरणाऱ्यांना मदत करणारा कक्ष इथे आयुकातच आहे.

पण त्याचा स्वभाव वेगळा आहे. लॅक्सपीसी चित्र काढत नाही. आकाशाच्या सुमारे एक अंश रुंद तुकड्यातून जे काही येईल ते एकत्र मोजतो. तारकागुच्छातले साठ स्रोत त्याला वेगळे करता येणार नाहीत, म्हणून त्याच्यासाठी एकटा आणि ठळक स्रोत निवडायचा. दुसरं, तो ६५० किलोमीटरवर फिरतो, एक फेरी ९८ मिनिटांच्या आसपास. दर फेरीत पृथ्वी आड येते, दक्षिण अटलांटिकवरच्या प्रारणपट्ट्यातून जाताना डिटेक्टर बंद ठेवतात, आणि डेटात खिंडारं पडतात. ती खिंडारं शून्यांनी भरून एफएफटी केलीत तर स्पेक्ट्रमच्या डाव्या टोकाला जंगल उगवेल. प्रत्येक सलग तुकड्याचा वेगळा स्पेक्ट्रम काढून सरासरी घ्या, किंवा शंभर-दोनशे सेकंदांच्या पल्सारसाठी सरळ फोल्ड करून शोधा. तिसरं, मार्च २०१८ नंतर तीनपैकी एक डिटेक्टर बंद आहे आणि एक कमी गेनवर गेलाय, म्हणून त्यानंतरची निरीक्षणं घेताना उरलेल्या तिसऱ्यावर, लॅक्सपीसी-२० वर, भर ठेवा.

सुरुवात माहीत असलेल्या स्रोतापासून करा. जीआरओ जे२०५८+४२ हा पल्सार २०१९ मध्ये उसळला तेव्हा ॲस्ट्रोसॅटने त्याचं निरीक्षण केलं. काळ १९४ सेकंद, स्पंदन ठळक. तुमच्या हाताने तो १९४ येऊ दे. मग ऊर्जेचे तीन-चार पट्टे करून प्रत्येकात स्पंदनाचा आकार काढा, आणि तो पट्ट्यापट्ट्याला कसा बदलतो ते निवांत बघा. एखाद्या मशीनचा आवाज वेगवेगळ्या लोडवर ऐकलेला माणूस हे आमच्या पोरांपेक्षा नीट वाचेल असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आणि एक वही ठेवा. ज्या स्रोतांत काही मिळालं नाही त्यांच्यासमोर "नाही" एवढंच लिहू नका. किती काळापासून किती काळापर्यंत शोधलं आणि किती टक्क्यांच्या वरचं स्पंदन असतं तर दिसलं असतं, हे लिहा. त्या गुच्छाचे साठ स्रोत असे लिहून झाले की मला पाठवा, आमच्या एमएस्सीच्या एका मुलीला एक्सएमएमच्या बाजूने तोच गुच्छ करायला लावते. एक्सएमएमचा पीएन कॅमेरा नेहमीच्या मोडमध्येही ७३ मिलिसेकंदांची फ्रेम घेतो, त्यामुळे तुम्हाला साडेसहा सेकंदांखाली जे बघता येत नाही ते तिला बघता येईल. अट एवढीच की गुच्छाच्या गर्दीतले स्रोत एक्सएमएमला एकमेकांत मिसळलेले दिसतात. कुठला फोटॉन कुणाचा हे तुमच्या चंद्रा दुर्बिणीच्या नकाशावरूनच ठरवावं लागेल.

भोसरी_स्पिंडल

मॅडम, नक्की पाठवतो. आज रात्री १९४ घेतो. बॅरीसेंटरच्या टूलला कक्षेची फाइल मागतंय चंद्रा दुर्बिणीच्या डेटासाठी, ती कुठे असते?

गणेशखिंड_टायमिंग

उतरवलेल्या निरीक्षणाच्या प्रायमरी फोल्डरमध्ये बघा, "ऑर्बिट-एफ" ने सुरू होणारी. करेक्शन एकदाच करा आणि नव्या नावाने साठवा. मूळ इव्हेंट फाइल, म्हणजे फोटॉनांची यादी, तशीच राहू दे. ॲस्ट्रोसॅटला हे टूल चालत नाही, त्याचं वेगळं आहे, मदत कक्षाच्या पानावर सूचनांसकट मिळेल. अडलं तर इथेच लिहा.